थोरल्याला सर्दी, धाकटीला ऑक्सिजन: तान्ह्या बाळाच्या पेशी आरएसव्हीशी कशा लढतात

सर, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. छत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेली, सव्वादोन किलोची मुलगी. गौरी-गणपतीला घर पाहुण्यांनी भरलेलं. थोरला चार वर्षांचा, बालवाडीत जाणारा. त्याला आधी सर्दी झाली, दोन दिवस नाक गळलं आणि तो पुन्हा खेळायला लागला. पाच-सहा दिवसांनी, म्हणजे अडतिसाव्या दिवशी, धाकटी दूध सोडायला लागली, पोट उडायला लागलं, आणि चार दिवस तिला ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. नाकातल्या नमुन्यात आरएसव्ही हा विषाणू निघाला. तुम्हाला सांगण्यात आलं, "बाळाची प्रतिकारशक्ती कच्ची आहे." तुम्ही विचारता, कच्ची म्हणजे नेमकं काय? तिच्या पेशी काम करत नाहीत का? त्या बळकट करायला काय द्यावं? आजी म्हणतात तशी गुटी सुरू करावी का? आणि पुढे दमा होईल का? तुम्ही हायस्कूलला विज्ञान शिकवता, म्हणून थेट पेशींपासून सुरुवात करते. सोलापुरात गेली सत्तावीस वर्षं मी तान्ही बाळं तपासते आहे, आणि हा प्रश्न इतका नेमका फार कमी जणांनी विचारला आहे.

'कच्ची' हा शब्द मीही वर्षानुवर्षं वापरला. कॉटजवळ उभ्या असलेल्या घाबरलेल्या आईबापांना अर्ध्या मिनिटात काहीतरी सांगायचं असतं, तेव्हा तो पटकन तोंडात येतो. पण त्यानं नुकसान होतं. आपल्या बाळात काहीतरी उणं राहिलं असं आईला वाटतं आणि ती गरोदरपणातले आपले घास मोजत बसते. दुसरीकडे, कच्चं आहे म्हणजे ते पिकवायला काहीतरी पाजलं पाहिजे, या समजातून बाटल्या आणि चाटणं सुरू होतात. तुमच्या गल्लीत यंत्रमाग असतीलच. मागावर टॉवेलचं बीम चढवलेलं असेल तर त्यावर चादर निघत नाही. म्हणून त्या मागाला कोणी नादुरुस्त म्हणत नाही. बाळाच्या पेशींना जन्माच्या वेळी कोणतं काम लावलेलं असतं, हे एकदा कळलं की तुमच्या मुलीच्या छातीत काय घडलं ते उलगडतं.

गर्भ अर्धा आईचा आणि अर्धा बापाचा असतो. नऊ महिने दोन वेगळी शरीरं एकमेकांना चिकटून राहतात, आईच्या काही पेशी वारेतून बाळात जातात, बाळाच्या काही आईत येतात. या काळात बाळाच्या टी-पेशींनी, म्हणजे परकं ओळखून लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनी, परकं दिसेल त्यावर हल्ला चढवला असता तर गर्भ टिकलाच नसता. म्हणून गर्भातल्या टी-पेशींचा कल परकं काही दिसलं की शांत राहण्याकडे, किंबहुना इतरांनाही शांत करणाऱ्या 'नियामक' टी-पेशी होण्याकडे असतो. मग जन्म होतो, आणि काही तासांत कातडीवर, तोंडात, आतड्यात असंख्य जिवाणू वस्तीला येतात. यातले बहुतेक पुढे आयुष्यभर सोबत राहणार असतात. प्रत्येकाशी मोठ्या माणसासारखं युद्ध पुकारलं तर बाळाचं आतडं आणि फुप्फुस सुजेनंच निकामी होईल. त्यामुळे ब्रेक लावून ठेवणं ही त्या काळाची गरजच असते.

हा ब्रेक कसा लागतो याचं एक सुंदर उदाहरण २०१३ साली समोर आलं. नवजात उंदरांत आणि माणसाच्या नाळेतल्या रक्तातही सीडी७१ ही खूण असलेल्या अर्धवट तयार लाल पेशी भरपूर असतात. लाल पेशी म्हणजे फक्त ऑक्सिजन वाहणारी हमाल, असं आपण शिकवतो. पण या पेशी आजूबाजूच्या पांढऱ्या पेशींना दाबून ठेवतात असं दिसलं. उंदरांत त्या कमी केल्यावर काही जिवाणूंशी लढण्याची ताकद वाढली, आणि त्याच वेळी आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंविरुद्ध सूजही वाढली. म्हणजे ब्रेक काढला की फायदा आणि तोटा दोन्ही एकाच दारानं आत येतात. 'प्रतिकारशक्ती वाढवणारं' काहीही विकत घेण्याआधी मला हे आठवतं.

नवजात शरीर लढूच शकत नाही, ही समजूत मात्र जुनी आहे आणि तिच्यामागे मोठं विज्ञान आहे. १९५३ मध्ये पीटर मेडावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की जन्माआधी दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पेशी टोचल्या तर तो उंदीर मोठेपणीही त्या जातीची कातडी आपलीच म्हणून स्वीकारतो. या कामासाठी मेडावर यांना १९६० साली मॅकफार्लेन बर्नेट यांच्याबरोबर नोबेल मिळालं. त्यातून पुढची तीस-चाळीस वर्षं असं धरलं गेलं की जन्माच्या सुमाराला पेशी फक्त सहन करायला शिकतात. १९९६ मध्ये एकाच वेळी तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी याला छेद दिला. नवजात उंदरांच्या टी-पेशी उत्तम लढू शकतात. प्रश्न मात्र त्यांना शत्रू कोण दाखवतं, किती प्रमाणात दाखवतं, याचा असतो. त्यातल्या एका प्रयोगात विषाणूची मात्रा थोडी होती तेव्हा पिल्लांनी संरक्षक प्रतिकार केला, आणि मात्रा मोठी झाली तेव्हा प्रतिकाराची दिशाच बदलली. उंदराचं माणसाला जसंच्या तसं लावता येत नाही. पण शिंकणाऱ्या भावानं बाळाच्या तोंडाला तोंड लावून मुका घेऊ नये, असं मी का सांगते, हे तुम्हाला यातून कळेल.

आता तुमच्या मुलीकडे येऊ. विषाणू आधी नाकात उतरला. आरएसव्हीच्या अंगावर 'एफ' नावाचं एक प्रथिन असतं, त्याच्या मदतीनं तो नाकाच्या अस्तराच्या पेशीत घुसतो. अशा वेळी पेशी इंटरफेरॉन सोडते. इंटरफेरॉन म्हणजे शेजारच्या पेशींना दिलेली हाळी: दारं लावून घ्या, आत काहीतरी शिरलंय. आरएसव्ही याबाबतीत फार धूर्त आहे. त्याच्याकडे एनएस१ आणि एनएस२ ही दोन प्रथिनं आहेत आणि त्यांचं मुख्य काम ही हाळी दाबणं हेच आहे. मोठ्या माणसात काही खास डेंड्रायटिक पेशी ही उणीव भरून काढतात. त्या इंटरफेरॉनचा पूर आणतात. नवजात बाळात याच पेशी विषाणू समोर आला तरी मोठ्यांच्या मानानं कमी इंटरफेरॉन सोडतात. पहिले दोन-तीन दिवस, जे निर्णायक असतात, विषाणूला मोकळे मिळतात. तो नाकातून खाली सरकतो.

खाली फुप्फुसाच्या हवेच्या पिशव्यांत मॅक्रोफेज नावाच्या पेशी झाडलोट करतात. उंदरांत पाहिलेलं असं आहे की या पेशी गर्भातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींपासून येतात आणि जन्मानंतर पहिला श्वास घेतल्यावर आपलं पूर्ण रूप घेतात. म्हणजे नव्या घरात सामान लावून होतंय तोवर चोर आलेला असतो. त्यातही तुमची मुलगी चार आठवडे आधी आलेली.

आणि मग येतात न्यूट्रोफिल. ब्राँकिओलायटिस, म्हणजे तुमच्या मुलीसारखी बारीक श्वासनळ्यांना सूज, झालेल्या बाळाच्या श्वासनळ्यांतून घेतलेल्या द्रवात ज्या पांढऱ्या पेशी दिसतात, त्यांत बहुसंख्य न्यूट्रोफिलच असतात. बाळाचे न्यूट्रोफिल रक्तातून बाहेर पडून योग्य जागी पोचण्यात थोडे मंद असतात आणि अस्थिमज्जेतला त्यांचा राखीव साठाही छोटा असतो. पण एकदा हाक गेली की ते थव्यानं येतात, तिथंच मरतात, आणि त्यांच्या आतला डीएनए चिकट धाग्यांसारखा बाहेर पडतो. जिवाणूला जाळ्यात पकडायला हे धागे कामाचे. अरुंद नळीत मात्र ते, झडलेलं अस्तर आणि शेंबूड मिळून बूच बसतं.

इथं थोडं भौतिकशास्त्र, तुम्ही वर्गात सांगालच. नळीतून हवा सरळ वाहत असेल तेव्हा तिला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी झाली की अडथळा सोळापट. चार मिलिमीटर व्यासाच्या नळीला आतून सगळीकडे एक मिलिमीटर सूज आली की व्यास दोनवर येतो, म्हणजे तेच सोळापट. हीच एक मिलिमीटरची सूज आठ मिलिमीटरच्या नळीत आली तर अडथळा सुमारे तिप्पट होतो. तुमच्या मुलाच्या आणि मुलीच्या आजारातला सर्वांत मोठा फरक मला विचाराल तर तो इथं आहे. विषाणू एकच, सूजही कदाचित सारखीच, नळी वेगळी. पेशींवर सगळा दोष टाकणं म्हणूनही मला पटत नाही.

टी-पेशींचा भाग मला सर्वांत जास्त आवडतो, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत समज बदलली ती इथंच. संसर्ग झालेल्या पेशीला शोधून मारणाऱ्या टी-पेशींना सीडी८ म्हणतात. पूर्वी वाटायचं की बाळाच्या सीडी८ पेशी म्हणजे मोठ्यांच्याच, फक्त अननुभवी. आता दिसतं की त्या मुळातच वेगळ्या वंशाच्या आहेत. मोठ्यांच्या टी-पेशींची मूळ पेशी अस्थिमज्जेत असते. नवजाताच्या बऱ्याचशा टी-पेशी गर्भाच्या यकृतातल्या मूळ पेशींपासून आलेल्या असतात. उंदरांवरच्या प्रयोगांत नवजात आणि प्रौढ अशा दोन्ही सीडी८ पेशी एकाच प्राण्यात एकत्र ठेवून संसर्ग दिला गेला. नवजाताच्या पेशी जास्त वेगानं वाढल्या, लवकर मारक झाल्या, आणि लवकर संपून गेल्या. मागे स्मृती ठेवणाऱ्या पेशी त्यांनी फार कमी ठेवल्या. अंगण तेच, हवापाणी तेच, तरी वागणं वेगळं. म्हणजे हा गुण त्या पेशीचाच.

यात मला शहाणपण दिसतं. नुकत्याच जन्मलेल्या जिवाला पन्नास वर्षांनी उपयोगी पडेल अशी आठवण जपण्यापेक्षा आजची रात्र काढणं महत्त्वाचं. हातात येईल त्यानं तात्काळ लढणाऱ्या या पेशी त्यासाठी बनलेल्या आहेत. त्यांच्या जोडीला जन्मापासून तयार असलेल्या एनके पेशी आणि गॅमा-डेल्टा टी-पेशीही असतात. शत्रूची नेमकी ओळख पटायची वाट न पाहता त्या कामाला लागतात. पण या व्यवस्थेची किंमत अशी की आरएसव्ही पुढच्या वर्षी पुन्हा आला तर शरीराला तो पुरेसा आठवत नाही. तसा हा विषाणू मोठ्यांनाही पुन्हा पुन्हा होतोच, बाळाला तर होणारच.

मग टी-पेशींचा अतिरेक घात करतो की कमतरता? बरीच वर्षं अतिरेकाकडे बोट दाखवलं जायचं. २००७ मध्ये आरएसव्हीनं दगावलेल्या बाळांच्या फुप्फुसांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भरपूर विषाणू सापडला, न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज सापडले, आणि मारक टी-पेशी जवळजवळ नव्हत्या. त्याच सुमाराच्या दुसऱ्या निरीक्षणांत, अतिदक्षता विभागात असलेल्या पण बऱ्या होणाऱ्या बाळांत सीडी८ पेशींची संख्या सर्वांत जास्त दिसली ती बरं व्हायच्या टप्प्यात. दोन्ही एकत्र ठेवले की चित्र दिसतं: या पेशी वेळेवर पोचल्या की बाळ सुटतं. तुमच्या मुलीच्या त्या पोचल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी ती दूध ओढायला लागली, त्यात ऑक्सिजनचा वाटा होताच. पण ऑक्सिजननं फक्त वेळ काढून दिला. विषाणू साफ केला तो तिच्या स्वतःच्या पेशींनी. तिच्या पेशी काम करत नाहीत का, या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे.

जाता जाता दोन गोष्टी, कारण तुम्ही रिपोर्टचे फोटो जोडले आहेत. छातीच्या एक्स-रेत वरच्या बाजूला शिडासारखी जी सावली आहे आणि जिच्याभोवती कोणीतरी पेनानं गोल केला आहे, ती थायमस ग्रंथी आहे. टी-पेशींची शाळा. शरीराच्या मानानं ती जन्माच्या वेळी सर्वांत मोठी असते, तान्ह्या बाळात ती दिसणं अगदी स्वाभाविक आहे. आणि रक्ताच्या तपासणीत लिम्फोसाइट, म्हणजे टी-पेशींसारख्या पांढऱ्या पेशी, ६४ टक्के आलेत त्यापुढे लाल बाण आहे, कारण यंत्रात मोठ्या माणसाचे आकडे भरलेले असतात. पहिल्या आठवड्यानंतर साधारण चार वर्षांपर्यंत मुलांच्या रक्तात लिम्फोसाइटच जास्त असतात. दोन्हींची काळजी सोडून द्या.

राहिल्या बी-पेशी, ज्या अँटीबॉडी, म्हणजे जंतूला चिकटून त्याला रोखणारी प्रथिनं, बनवतात. बाळाच्या बी-पेशी अँटीबॉडी बनवतात, पण त्यांची पकड सुरुवातीला सैल असते, ती घट्ट व्हायला महिने लागतात. निसर्गानं यासाठी उसनवारीची सोय केली आहे. आईच्या आयजीजी अँटीबॉडी वारेतून बाळाकडे जातात, आणि नुसत्या झिरपत नाहीत. वारेतला एक ग्राहक रेणू त्यांना धरून पलीकडे नेतो. त्यामुळे पूर्ण दिवसांच्या बाळात या अँटीबॉडी आईइतक्या, कधी आईपेक्षा जास्त असतात. पण यातली मोठी भरती शेवटच्या तिमाहीत, त्यातही शेवटच्या चार आठवड्यांत होते. तुमच्या मुलीची नेमकी तीच गाडी चुकली. शिवाय हा उसना ठेवा साधारण दर तीन-चार आठवड्यांनी निम्मा होत जातो. अडतिसाव्या दिवशी तिच्याकडे आधीच कमी मिळालेल्या ठेव्यातला निम्माही उरला नसेल. बाळाच्या आईला हे जरूर सांगा: तिनं काही कमी दिलं नाही, वेळ कमी पडला. आणि दुधातून ती अजूनही देतेच आहे. आईच्या दुधातल्या आयजीए अँटीबॉडी बाळाच्या घशात आणि आतड्यात अस्तरासारख्या बसतात. आई ज्या घरात श्वास घेते, ज्या जंतूंना सामोरी जाते, त्यांच्याच अँटीबॉडी दुधात येतात. ती सर्दीनं आजारी असेल तरी तोंडाला पदर लावून पाजावं. पाजणं थांबवू नये.

आता 'बळकट करायला काय द्यावं'. याचं उत्तर देण्याआधी एक गोष्ट सांगते. १९६६-६७ मध्ये अमेरिकेत बाळांना आरएसव्हीची एक लस देऊन पाहिली गेली. विषाणू फॉर्मलीननं मारून ती बनवली होती. लस दिल्यावर रक्तात अँटीबॉडी आल्या, सगळं ठीक वाटलं. मग आरएसव्हीचा मोसम आला. एका चाचणीत लस घेतलेल्यांपैकी ज्यांना संसर्ग झाला, त्यातल्या ८० टक्के बाळांना रुग्णालयात ठेवावं लागलं. लस न घेतलेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होतं. दोन बाळं दगावली. फॉर्मलीननं 'एफ' प्रथिनाचा आकार बिघडला होता. अँटीबॉडी त्याला चिकटत होत्या पण विषाणूला रोखत नव्हत्या, आणि टी-पेशींना चुकीच्या प्रकारची चिथावणी मिळाली होती. चूक उमगायला आणि 'एफ' प्रथिनाचा खरा, पेशीत घुसण्यापूर्वीचा आकार हातात यायला २०१३ उजाडलं. त्या दोन बाळांची गोष्ट मी कधी विसरत नाही. तान्ह्या बाळाची प्रतिकारशक्ती जोरात ढकलणं म्हणजे ती योग्य दिशेनंच जाईल असं नाही.

म्हणून कोणतंही टॉनिक, कोणतंही चाटण नको. तुमच्या आईंच्या हाताबद्दल मला पूर्ण आदर आहे; त्यांनी तुम्हाला वाढवलं. पण सहाणेवर उगाळलेल्या गुटीबरोबर सहाणेवरचे आणि पाण्यातले जंतूही बाळाच्या पोटात जातात. मध तर वर्षाच्या आत बोटभरही नको, त्यातून बोटुलिझम होऊ शकतो. नाकात तेल सोडू नये, ते फुप्फुसात उतरतं. मालिश, टाळूला तेल, अंगाला ऊब, हे सगळं आजींनी जरूर करावं. फक्त आंघोळीनंतरची धुरी बंद करावी. आपल्याकडे शेगडीवर ओवा, वावडिंग, लसणीची सालं टाकून बाळाला धुरावर धरतात. तो धूर श्वासनळीच्या अस्तरावरचे बारीक केस लुळे पाडतो, आणि शेंबूड बाहेर ढकलायचं काम तेच करतात. ज्या घरात बिडी ओढली जाते तिथंही तेच. सुजलेल्या, अरुंद नळीसाठी धूर हा माझ्या मते विषाणूचा सर्वांत जवळचा मित्र आहे.

आणि पाहुणे. केनियातल्या किलिफी भागात घराघरांतून नमुने घेऊन केलेल्या अभ्यासात, संसर्ग झालेल्या निम्म्याहून अधिक बाळांना आरएसव्ही घरातूनच मिळाला, आणि घरात तो बहुतेक वेळा शाळेत जाणाऱ्या भावंडानं आणला. तुमच्या थोरल्याला यात अपराधी वाटू देऊ नका, तो चार वर्षांचा आहे. शाळेतून आला की साबणानं हात-तोंड धुणं, सर्दी असेल तेव्हा बाळाच्या पायांना हात लावायचा, तोंडाला नाही, एवढं त्याला खेळासारखं शिकवा. हा विषाणू पाटासारख्या टणक पृष्ठभागावर काही तास जिवंत राहतो, म्हणून हात धुणं मास्कपेक्षाही महत्त्वाचं. जानेवारीत गड्ड्याची यात्रा आहे. सिद्धेश्वराचं दर्शन बाळाला पुढच्या वर्षी घडवा.

खरोखर काही 'देता' येतं ते अँटीबॉडी. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आईला द्यायची आरएसव्हीची लस आणि जन्मानंतर बाळाला टोचायची तयार अँटीबॉडी, निरसेविमॅब, या दोन्ही २०२३ पासून अमेरिकेत वापरात आल्या. दोन्हींत बाळाच्या पेशींना ढकललं जात नाही; त्यांच्या हातात आयती, घट्ट पकडीची अँटीबॉडी दिली जाते. आईच्या लसीतून तर तीच जुनी उसनवारी वाढते, वारेतून. आपल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात यातलं काही नाही. पुढच्या बाळंतपणाचा विचार असेल तर आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे वेळीच चौकशी करा, आणि बाळाला अँटीबॉडीची गरज आहे का हे तिच्या डॉक्टरांशी बोला.

तुम्ही विचारलंय की तिला वाफ, अँटिबायोटिक, स्टेरॉईड का दिलं नाही, शेजारच्या बाळाला तर सगळं दिलं होतं. सर, माझ्या पहिल्या काही वर्षांत मीही प्रत्येक पोट उडणाऱ्या बाळाला नेब्युलायझर लावायची, सोबत अँटिबायोटिक लिहायची. आईबापांना बरं वाटायचं, मलाही. पण नेब्युलायझरमधलं सॅल्ब्युटामॉल हे औषध श्वासनळीचे स्नायू सैल करतं, आणि या बाळांची नळी बुजते ती मेलेल्या पेशींनी. स्टेरॉईडच्या चाचण्यांतही ब्राँकिओलायटिसमध्ये फायदा दिसला नाही. अँटिबायोटिकचा विषाणूवर परिणाम नाही, आणि आतड्यात नुकतीच बसू लागलेली जिवाणूंची वस्ती, जी या पेशींना शहाणं करते, ती मात्र उठते. ऑक्सिजन, नाक मोकळं ठेवणं, थोडं थोडं दूध, आणि रात्रभर जागं असलेलं कोणीतरी. तुमच्या डॉक्टरांनी तेवढंच केलं आणि योग्य केलं.

दम्याचं थोडक्यात. अशा आजारानंतर पुढची दोन-तीन वर्षं सर्दी झाली की छाती वाजण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा जास्त असते. यातलं किती आरएसव्हीनं केलं आणि किती त्या बाळाचा मुळातला कल होता, यावर अजून वाद आहे. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना अँटीबॉडी देऊन आरएसव्ही टाळला तेव्हा पहिल्या वर्षात छाती वाजण्याचे दिवस कमी झाले, पण सहाव्या वर्षी फुप्फुसाच्या ताकदीत फरक दिसला नाही. तुमच्या घरात कोणाला दमा, इसब, नाकाची ॲलर्जी आहे का ते लिहून ठेवा. आत्ता यापलीकडे करण्यासारखं काही नाही.

पुढच्या वेळी कधी धावायचं ते मात्र पाठ करून ठेवा, कारण इतक्या लहान बाळात खोकला नसतानाही आजार गंभीर असू शकतो. दोन महिन्यांच्या आत शांत झोपेत मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, दोन महिन्यांनंतर पन्नास किंवा जास्त. पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजायचे. बरगड्यांखाली खड्डा पडणं, कण्हणं, ओठ निळसर दिसणं, नेहमीच्या निम्म्याहून कमी दूध, सहा-आठ तास लघवी नाही. तीन महिन्यांच्या आत १००.४ फॅरनहाइट ताप, किंवा उलट अंग गार पडणं. आणि श्वास काही सेकंद थांबून पुन्हा सुरू होतो असं वाटलं तर फोन करत बसू नका, थेट निघा. ज्या घरी रात्री रिक्षा मिळत नाही तिथं आधीच शेजाऱ्याशी बोलून ठेवावं, असं मी अक्कलकोट, मोहोळकडून येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

एक काम मात्र राहिलंय, तुमच्या कार्डाच्या फोटोत दिसतंय. जन्माच्या वेळची बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बी झाली, पण सहाव्या आठवड्याची रेघ रिकामी आहे. तेव्हा ती नुकतीच घरी आली होती आणि कोणाला सुचलं नसेल. सैल पकडीच्या बी-पेशींना घट्ट पकड शिकवायला पुन्हा पुन्हा ओळख करून द्यावी लागते, म्हणून सहा, दहा, चौदा आठवडे असे डोस ठेवले आहेत. पहिला डोस लांबला की पुढचं सगळं लांबतं. तिला आता ताप नाही, दूध नीट पिते, नाक थोडं वाहतंय तर वाहू दे, लस टोचायला ते आड येत नाही. पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटा आणि न्यूमोकोकलची पीसीव्ही, सगळं याच आठवड्यात करून घ्या. जाताना ते कार्ड आणि डिस्चार्जचा कागद दोन्ही सोबत न्या, आणि जन्माचं वजन सव्वादोन किलो होतं हे तिथल्या सिस्टरना आठवणीनं सांगा.